कंट्रोलमध्येही तंतू फुटतात, तेव्हा

पत्र असं आहे:

‘मॅडम, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोंबडीच्या आठ दिवसांच्या भ्रूणातून पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचे छोटे पुंजके, काढून मी त्या डिशमध्ये वाढवते. भ्रूणाच्या स्नायूंपासून मी प्रथिनांचं एक फ्रॅक्शन वेगळं केलं आहे. ते घातलं की चोवीस तासांत गुच्छिकेभोवती चेतातंतूंचं वलय उभं राहतं, न घातलं तर राहत नाही, एवढं मला दाखवायचं आहे. प्रयोग आठ वेळा केला. पाच वेळा हवं तसं आलं. तीन वेळा कंट्रोलमध्येही, म्हणजे फ्रॅक्शन न घातलेल्या डिशमध्येही, तंतू फुटले, एकदा तर फ्रॅक्शनपेक्षा दाट. गाइड म्हणतात, “त्या तीन वेळा काहीतरी बिघडलं असणार, सोडून दे, पाच पुरेत.” आमच्या सीनियरच्या प्लेट्स नेहमी स्वच्छ येतात. माझा हातच वाईट आहे असं लॅबमध्ये सगळ्यांना वाटतं आणि आता मलाही वाटायला लागलंय. सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडताना पोटात गोळा येतो. ते तीन दिवस वगळू का? आणि माझ्यासारखीने या कामात राहावं का?’

तुझा पहिला प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर लहान आहे. वगळू नकोस. वहीतली एक ओळसुद्धा नाही.

प्लेटमध्ये बुरशी आली, इन्क्युबेटर रात्री बंद पडला, तळाचं कोलॅजन सुटून आलं, अशा कारणांनी प्लेट बाद करता येते. पण ती तंतू मोजायच्या आधी बाद करायची आणि कारण त्याच दिवशी लिहायचं. तुझ्या तीन दिवसांबद्दल असं काहीच तू लिहिलेलं नाहीस. ते बाद व्हायचे ते फक्त कंट्रोलमध्ये तंतू आले म्हणून. असं एकदा केलंस की उरलेल्या पाच दिवसांचाही अर्थ जातो. ते पाच दिवस बरोबर ठरले, कारण त्यांनी अपेक्षित उत्तर दिलं. दुसरं काही कारण तुझ्या हातात नाही. त्या तीन दिवशी जे बिघडलं होतं ते या पाच दिवशी बिघडलं नव्हतं, हे कशावरून? कुणी शोधलेलंच नाही. हवं ते दिसलं की शोधणं थांबतं.

गाइडच्या वाक्यातला ‘असणार’ हा शब्द मात्र नीट ऐक. तो अंदाज आहे. अनुभवी माणसाचा असा अंदाज पुष्कळदा खरा निघतो, म्हणून तो उडवून लावू नकोस. पण अंदाज तपासता येतो, आणि तुझ्या बाबतीत तपासायला थोड्याच प्लेट्स लागतील. त्या कोणत्या, ते पुढे सांगते. त्याआधी तुझ्याच प्रयोगाच्या इतिहासातला एक भाग सांगायचा आहे. तो तू वाचला असशील, पण पाठ्यपुस्तकं तो दोन ओळींत उरकतात आणि तुझ्या कामाचं नेमकं तेच गाळतात.

1950च्या दशकाच्या सुरुवातीला चेताशास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. उंदराच्या सार्कोमाचा (एका प्रकारच्या कर्करोगाच्या ट्यूमरचा) तुकडा कोंबडीच्या भ्रूणावर लावला की भ्रूणाच्या संवेदी आणि सिंपथेटिक गुच्छिका फुगतात आणि तंतू वाटेल तिकडे वाढत सुटतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ट्यूमरमधून काहीतरी झिरपत असावं. ते भ्रूणाच्या बाहेर, काचेवर दाखवता येईल का हे बघायला 1952 साली त्या रिओ दि जानेरोला हर्था मेयर यांच्याकडे गेल्या. पर्समध्ये ट्यूमर असलेले दोन उंदीर होते. सुरुवातीला काहीच जमेना. ट्यूमरचा जिवंत तुकडा गुच्छिकेशेजारी ठेवला तेव्हा कुठे ते वलय दिसलं. आज तू सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघतेस तेच वलय.

पण त्याच दिवसांत त्यांना दुसरंही एक दिसलं. उंदराच्या निरोगी ऊतीचा तुकडा ठेवला तरी तंतू फुटत होते. कमी, पण फुटत होते. सांगायचं होतं ट्यूमरबद्दल, आणि कंट्रोल मधेच तोंड घालून बोलत होता. त्या फार खचल्या होत्या. तुझ्या पोटातला गोळा त्यांनाही माहीत होता एवढंच मला म्हणायचं आहे. नंतर कळलं की तो कंट्रोल खरंच बोलत होता. हा घटक ट्यूमरपुरता नाहीच, निरोगी शरीरातही तो असतो, आणि चेतासंस्था घडण्यात त्याचा वाटा आहे.

1953मध्ये स्टॅन्ली कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. ट्यूमरपासून केलेल्या त्यांच्या फ्रॅक्शनमध्ये प्रथिनंही होती आणि न्यूक्लीइक आम्लंही. काम कोण करतंय? आर्थर कॉर्नबर्ग या जीवरसायनशास्त्रज्ञाने सुचवलं की सापाच्या विषात न्यूक्लीइक आम्लं तोडणारं एन्झाइम असतं, ते घालून बघा. परिणाम गेला तर न्यूक्लीइक आम्ल, राहिला तर प्रथिन. साधा विचार. डिश लावल्या गेल्या. विष घातलेल्या डिशमध्ये वलय आणखीच दाट आलं. आणि जिथे ट्यूमरचं काहीही नव्हतं, नुसतं विष होतं, त्या कंट्रोल डिशमध्येही दाट वलय.

त्या डिशपाशी जरा थांब. तिथे दोन गोष्टी घडू शकल्या असत्या. ती डिश लावलीच गेली नसती, कारण ‘नुसत्या विषाने काय होणार?’ हे त्या वेळी कुणालाही पटण्यासारखं होतं. किंवा ती लावली गेली असती आणि ‘विषाची बाटली खराब असणार’ म्हणून सोडून दिली गेली असती. दोन्ही झालं नाही. विषातच तो घटक आहे, आणि ट्यूमरपेक्षा कितीतरी पटीने जास्त आहे, हे त्यांनी दाखवलं. मग कोहेन यांनी विचार केला की सापाची विषग्रंथी ही लाळग्रंथीच्या जातीची आहे, तर उंदराच्या लाळग्रंथीत बघू. तिथे तो भरपूर सापडला. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार केलं, ते नवजात उंदरांना टोचलं, आणि त्यांच्या सिंपथेटिक गुच्छिका जवळजवळ नाहीशा झाल्या. तो घटक शरीरात खरोखर लागतो, याचा इतका स्पष्ट पुरावा त्याआधी नव्हता. यातून उभा राहिला तो नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. लाळग्रंथीचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडतायत हे कोहेन यांनी पाहिलं, आणि एनजीएफने ते होत नाही म्हणून शोध चालू ठेवला. त्यातून एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर सापडला. 1986चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

हे वाचून तुझ्या कंट्रोलमध्ये नवा रेणू आहे असं मुळीच समजू नकोस. बहुतेक वेळा कारण साधं असतं, आणि साधं कारण शोधून काढणं हेसुद्धा पूर्ण मानाचं काम आहे. आता ते शोधू.

पहिला संशय सीरमवर. तू लिहिलं नाहीस, पण माध्यमात सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) घालत असशील तर त्यात वाढीचे घटक असतातच, आणि प्रत्येक बॅचमध्ये त्यांचं प्रमाण वेगळं असतं. आठही दिवसांच्या बॅचचे नंबर काढ. माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या लॅबमध्ये हेच झालं होतं. चार महिने मी माझ्या पिपेटला, हाताला, अंड्यांना दोष देत होते. वहीत बॅच नंबर लिहायची सवय नव्हती, म्हणून रिकाम्या बाटल्यांची लेबलं कचऱ्यातून काढून तारखा जुळवाव्या लागल्या. ते चार महिने मला अजून सलतात, आणि म्हणून हे तुला पहिल्यांदा सांगते. सीरमशिवायचं, घटक माहीत असलेलं माध्यम वापरून एकदा कंट्रोल लाव. तंतू गेले तर अर्धं उत्तर मिळालं.

दुसरा संशय भ्रूणाच्या वयावर. ‘आठ दिवसांचा भ्रूण’ म्हणजे आठ दिवस उबवलेलं अंडं. भ्रूणाचं वय त्यावरून पक्कं कळत नाही. अंडं उबवण्याआधी किती दिवस थंड जागी पडून होतं, इन्क्युबेटरच्या कोणत्या कप्प्यात होतं, यावर भ्रूण मागे-पुढे होतो. याच अडचणीसाठी हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी 1951मध्ये भ्रूणाच्या रूपावरून 46 टप्पे ठरवून दिले. तासांवर न जाता बोटं, चोच, पापण्या, पिसांच्या कळ्या बघून टप्पा सांगायचा. तुझा भ्रूण साधारण 34व्या टप्प्याचा असायला हवा. प्रत्येक भ्रूण कापायच्या आधी टप्पा लिही, जमलं तर फोटो काढ. संवेदी चेतापेशींचं बाहेरच्या एनजीएफवरचं अवलंबून असणं वयाबरोबर बदलतं. प्रौढ उंदरांच्या पेशी तर डिशमध्ये त्याच्याशिवायही जगतात. शिवाय गुच्छिकेत फक्त चेतापेशी नसतात. आधार देणाऱ्या पेशी असतात, आणि त्या स्वतःच घटक सोडू शकतात.

तिसरा संशय क्रमावर. यावर फार कमी लोक बोलतात. तू गुच्छिका काढतेस तेव्हा आधी कोणत्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या कोणत्या खळग्यात, टाकतेस? माझा अंदाज असा की फ्रॅक्शनच्या वेल्स आधी भरतेस आणि कंट्रोल शेवटी, किंवा उलट, आणि दर वेळी तोच क्रम असेल असं नाही. पहिली गुच्छिका पाच मिनिटांत डिशमध्ये जाते, शेवटची दोन तास थंड द्रावणात पडून असते. त्यात मानेकडच्या, पंखांच्या आणि पायांच्या पातळीवरच्या गुच्छिका आकाराने वेगळ्या. प्लेटच्या कडेच्या वेल्समधून पाणी जास्त उडतं, तिथे क्षार दाटतात. क्रम आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरव आणि प्लेटचा नकाशा वहीत काढ. जुन्या आठ दिवसांचा क्रम आठवत असेल तर आजच लिहून काढ, आणि तो आठवणीतून लिहिला आहे असं शेजारी नोंदव.

चौथी गोष्ट तुझ्यातल्या जीवरसायनवालीला सांगायची आहे. तुझं फ्रॅक्शन कॉलममधून गेलं, त्याचं डायलिसिस झालं, ते फिल्टरमधून आलं, गोठवलं गेलं. कंट्रोलचं बफर, म्हणजे प्रथिन नसलेलं तेच द्रावण, कुठून आलं? बाटलीतून ताजं घेतलं असशील तर तो कंट्रोल अपुरा आहे. नुसतं बफर त्याच कॉलममधून, डायलिसिसच्या त्याच पिशवीतून, त्याच फिल्टरमधून, तेवढेच दिवस गोठवून आण. एकच कॉलम पुन्हा पुन्हा वापरत असशील तर आधीच्या वेळचं प्रथिन त्यात उरून पुढच्या बफरमध्ये उतरतं, हेही तिथेच कळेल. प्रथिनाचं प्रमाण ब्रॅडफर्ड या रंगाच्या चाचणीने मोजत असशील तर बफरमधलं डिटर्जंट तो आकडा बिघडवतं, म्हणून ब्लँकही (तुलनेसाठीचा प्रथिन नसलेला नमुना) याच बफरचा ठेव. आणि फ्रॅक्शन एकाच प्रमाणात घालू नकोस. पातळ करत करत पाच-सहा प्रमाणांत घाल. परिणाम प्रमाणाबरोबर चढतो-उतरतो का, हे दिसलं की कंट्रोलमधल्या थोड्या तंतूंची भीती आपोआप कमी होते; ते किती प्रमाणाइतके आहेत हे तुला मोजता येईल.

एवढ्यानेही तंतू जात नसतील, तर कंट्रोलमध्ये एनजीएफला निष्प्रभ करणारं प्रतिपिंड घाल. ते कोणत्या प्राण्याच्या एनजीएफविरुद्ध बनवलं आहे हे आधी बघ, कारण उंदराच्या एनजीएफविरुद्धचं प्रतिपिंड कोंबडीच्या एनजीएफला नीट धरेलच असं नाही. तंतू थांबले, तर सीरममधून किंवा गुच्छिकेतल्याच पेशींमधून आलेलं एनजीएफ. थांबले नाहीत, तर दुसरं काहीतरी. हे दुसरं काहीतरी हलकं समजू नकोस. 1978मध्ये ईव्ह-अलँ बार्द आणि हान्स टोनेन यांच्या गटाला ग्लायोमा (मेंदूतल्या एका ट्यूमरच्या) पेशी वाढवलेल्या माध्यमात असंच दिसलं होतं: प्रतिपिंडाने एनजीएफ अडवलं तरी संवेदी चेतापेशी जगत होत्या. त्या शिल्लक परिणामाच्या मागे लागून 1982मध्ये त्यांनी डुकरांच्या मेंदूपासून बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारं दुसरं प्रथिन शुद्ध केलं. दीड किलो मेंदूंमधून जेमतेम एक मायक्रोग्रॅम. आणि शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीला चाचणी कोणती? कोंबडीच्या भ्रूणाच्या संवेदी चेतापेशी. तू रोज हाताळतेस त्याच.

आता मोजणीबद्दल थोडं. ‘आठ वेळा’ लिहिलंस ते मला आवडलं, कारण पुष्कळ जण इथे ‘दोनशे गुच्छिका’ लिहितात. एका भ्रूणातल्या वीस गुच्छिका म्हणजे वीस प्रयोग नाहीत. त्या एकाच अंड्यातल्या, एकाच सकाळच्या, एकाच हातच्या. आकडेमोडीत तुझा ‘एन’, म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या, आठच राहू दे.

आणि प्लेट वाचताना तुला कंट्रोल कोणता ते माहीत असता कामा नये. दुसऱ्या कुणाला तरी झाकणांवर आकडे घालायला सांग आणि यादी त्याच्याकडे ठेव. वलय ‘दाट’ की ‘विरळ’ हे डोळ्यांनी ठरवताना मन कुठे झुकतं ते आपल्याला कळत नाही, कितीही प्रामाणिक असलो तरी. तुझ्या सीनियरच्या प्लेट्स स्वच्छ येतात म्हणतेस. येत असतील, त्याचा हात खरंच चांगला असेल. पण तो आकडे झाकून वाचतो का, हे मला माहीत नाही आणि तुलाही नाही. त्याच्यावर संशय घेऊ नकोस. त्याच्याशी स्वतःची तुलना मात्र तोपर्यंत करू नकोस. त्यापेक्षा त्यालाच विचार की तुझी एक प्लेट तो लावून देईल का, आणि त्याची एक तू. एकाच दिवशी, एकाच सीरमवर. हाताचा प्रश्न एका आठवड्यात सुटेल.

हाताबद्दल आणखी एक. हिल्डे मॅन्गोल्ड यांनी हान्स स्पेमान यांच्याकडे न्यूट या शेपटीच्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणांवर जे प्रत्यारोपण केलं, त्याला आजही विकासजीवशास्त्रातला पाया मानतात. फिकट रंगाच्या जातीतला तुकडा गडद रंगाच्या जातीच्या भ्रूणात बसवायचा, म्हणजे पुढे तयार झालेल्या दुसऱ्या शरीर-अक्षात कोणती पेशी कुणाची हे रंगावरूनच कळेल. कंट्रोल प्रयोगाच्या आतच विणलेला. पण तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, भ्रूण संसर्गाने मरत. त्यांनी पुष्कळ भ्रूणांवर हे केलं आणि 1924च्या शोधनिबंधात सविस्तर आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मेलेल्या भ्रूणांवरून त्यांचा हात वाईट होता असं आज कुणी म्हणत नाही. तुझी तर गुच्छिका जगते, तंतू फुटतात. वाईट हाताच्या प्लेटमध्ये सगळं मरतं. तुझ्या प्लेटमध्ये नको तिथेही वाढ होते. म्हणूनच मला तुझ्या हातापेक्षा सीरमचा संशय जास्त येतो.

गाइडशी बोलताना ‘मी हे वगळणार नाही’ इथून सुरुवात करू नकोस. आठही दिवसांचा एक तक्ता कर: तारीख, सीरमची बॅच, भ्रूणाचा टप्पा, क्रम, कॉलम कितव्यांदा वापरला, कंट्रोलचा निकाल. तो एका कागदावर त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, ‘सर, काय बिघडलं असणार ते मला शोधायचं आहे, यातलं आधी काय तपासू?’ त्यांना एवढ्या वर्षांत नक्कीच काहीतरी दिसलेलं असेल. निबंध लिहायची वेळ आली तरी आठही दिवस त्यात जाऊ देत, आणि कारण सापडलं असेल तर तेही. त्यांनी तरीही पाचच छापायचं ठरवलं, तर ‘मला आठ दाखवायचे आहेत’ हे शांतपणे, लेखी आणि वेळेत सांग, आणि तुमच्या समितीतल्या विश्वासाच्या एका माणसाला हे माहीत असू दे. हे सोपं नाही हे मला कळतं. तुझं पुढचं शिफारसपत्र त्यांच्याच हातात आहे. तरीही त्या निबंधावर नाव तुझंही असणार आहे, आणि कुणी तुझ्या कृतीने प्रयोग करून बघितला तर त्याच्याही आठातल्या तीन कंट्रोलमध्ये तंतू येतील.

राहिला दुसरा प्रश्न, या कामात राहावं का. त्याचं उत्तर मी देणार नाही, आणि तूही आत्ता देऊ नकोस. तीन वर्षांच्या थकव्याने घेतलेला निर्णय सीरम बदलला की बदलतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिलं आहे. काही जण सोडूनही गेले, आणि त्यांनी बरोबरच केलं. त्यांना दुसरं काही जास्त आवडत होतं. तुझ्या पत्रात मला तसं दिसलं नाही. एका डिशमध्ये तंतू ‘फ्रॅक्शनपेक्षा दाट’ होते, हे तुला सांगावंसं वाटलं. लपवायचं असतं तर नुसतं ‘तीन वेळा बिघडलं’ लिहूनही चाललं असतं. मात्र इन्क्युबेटरच्या दाराशी येणारा गोळा झोपेवर आणि जेवणावर उतरला असेल, तर प्लेट्स आठवडाभर थांबव आणि समुपदेशकाला भेट. अंडी पुढच्या आठवड्यातही उबवता येतात.

पहिल्यांदा सीरमशिवायची प्लेट लाव. त्याच दिवशी, त्याच भ्रूणांतून, जुन्या आणि नव्या अशा दोन बॅचच्या सीरमवरही एकेक. आकडे दुसऱ्याला घालायला सांग. काय दिसलं ते मला कळव, आणि तिन्हीकडे तंतू दिसले तर आधी कळव.